बांधावरची राखण

माझ्यावर कुणी उपकार करायला लागलं की मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडं बघते. त्या हातात काय लपवलंय ते. ही खोड मला जन्मजात नाही. मुळशीला, धरणाच्या काठी, एका पावसाळ्यात लागली आणि आता मसणात जाईपर्यंत सुटायची नाही. लोक म्हणतात, बाई फार संशयी. असू दे. त्या संशयानंच मला उभं केलं, हे मी कुणाला सांगत नाही. आज सांगते.

आणीबाणी नुकतीच उठली होती. आमची वाडी डोंगराच्या अंगाला, सहा घरांची. खाली पाऊण तासाच्या वाटेवर गाव आणि गावाच्या खाली धरणाचं पाणी. घर वाडीत असलं तरी भाताची आमची दोन खाचरं खाली गावाला लागून होती. श्रावण चालू होता. भाताची रोपं लावायची आवणी उरकली होती आणि पाऊस आठ दिवस उघडला नव्हता.

त्या सकाळी मी सासूशी भांडले. कशावरून, तर पिठावरून. डबा रिकामा होता. ती म्हणाली, "काल दळण न्यायला काय धाड भरली व्हती?" मी म्हणाले, "एवढ्या पावसात तुमीच जावा की." नवरा नुसता हसला. पोरगी तीन वर्षांची, उंबऱ्यात बसून नाचणीची भाकरी चघळत होती. मी तणतणत दळण डोक्यावर घेतलं, वर पावसाचं इरलं पांघरलं आणि खाली गावातल्या गिरणीत आले.

गिरणी चाचांची. त्यांची तिसरी पिढी गावात, बोलणं आमच्यासारखंच. माझं दळण लगेच झालं. निघाले असते तर तासाभरात घरी पोचले असते. पण मी मुद्दाम बसले. बसू दे सासूला पिठाची वाट बघत, जिरू दे जरा. चाचांच्या बायकोनं चहा दिला, मी एक सोडून दोन कप प्याले. इंजिन बंद होतं म्हणून वरचा आवाज ऐकू आला. चाचा आभाळाकडं बघत म्हणाले, "इमान हाय का काय?"

विमान नव्हतं. डोंगर होता.

दरड आमच्या वाडीवरून गेली आणि मागं घरांची जागा कुठली तेसुद्धा ओळखू येईना. आम्ही चौघं राहिलो, चौघंही त्या वेळी वाडीबाहेर असलेले. मला कुणी धरून ठेवलं, कुणी पाणी पाजलं, काही आठवत नाही. एवढंच आठवतं की पिठाचं गठुडं माझ्या मांडीवर होतं आणि ते अजून कोमट होतं.

बाकीच्या तिघांना त्यांचे नातेवाईक घेऊन गेले. माझा भाऊ मुठ्याहून आला, रडला, दोन दिवसांनी न्यायला येतो म्हणाला. एका खोलीत आठ तोंडं होती त्याच्याकडं. तो आला नाही, आणि त्याचा मला आजही राग नाही. मग गाव देवळात बसलं आणि मला कुणी ठेवून घ्यायचं ते ठरवायला लागलं. आणि पुढं आलं कोण? म्हातारी!

ही म्हातारी म्हणजे आमची शेतशेजारीण. आमच्या खाचराला तिचं खाचर लागून, मधे उंबरापासून ओढ्यापर्यंत एक बांध. त्या बांधावरून माझी सासू आणि ती बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बांध कोरणं ही गोष्ट शहरातल्या माणसाला सांगावी लागते. कुदळ घ्यायची, बांधाची आपल्या अंगाची माती तासायची आणि पलीकडच्या अंगाला थापायची. बांध तेवढाच दिसतो, फक्त चार बोटं सरकतो. दरसाल चार बोटं. सासू सांगायची, म्हातारीनं असा आमचा अर्धा वाफा गिळला. म्हातारी सांगायची, सासूनं तिचा. शेवटी चाचांना मधे घातलं, त्यांच्या हातानं बांधाच्या पोटात हद्दीचा दगड पुरला, तरी भांडण मिटलं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूनं मला चूल दाखवायच्या आधी बांध दाखवला होता. "कुदळीचा आवाज आला की पळत सुटायचं," म्हणाली.

आणि आता तीच म्हातारी देवळात उभी राहून म्हणत होती, "माझ्या पडवीत ऱ्हाईल ती." माझ्या मनात पाल चुकचुकली. तशा अवस्थेतसुद्धा चुकचुकली. सगळं घर गाडलं गेलं, मागं राहिली ती एकटी मी आणि दोन खाचरं. मी मेले की खाचरं कुणाची? जिच्या पडवीत मी पडून आहे तिची. साधा हिशोब होता.

पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला जगायचंच नव्हतं, स्पष्ट लिहिते. जीव द्यायलासुद्धा उठावं लागतं, आणि मला उठायचं नव्हतं. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पुढं आलेली भाकरी तशीच वाळायची, कुणी तोंडाला लावलेली पेज तेवढी घशाखाली जायची. गावातल्या बायका यायच्या, माझ्या पाठीवर हात फिरवायच्या आणि हंबरडा फोडायच्या. त्यांच्या रडण्याचा मला इतका संताप यायचा! माझ्या लेकीसाठी तुम्ही काय म्हणून रडता? मला रडू येत नव्हतं, आणि ह्यांचं मात्र बरं धो धो वाहत होतं. पुण्याहून एक गाडी भरून कपडे आले. माझ्या वाट्याला बिनबाह्यांचं रेशमी पोलकं आणि एक टाय आला. एकानं ते माझ्या हातात देऊन फोटो काढला. त्याचा दुसरा हात मी तेव्हा बघितला, त्यात कॅमेरा होता.

म्हातारी मात्र कधी रडली नाही. पाठीवरून हातही फिरवला नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी तिनं माझ्या उशाचं पिठाचं गठुडं उचललं. मी ते कुणाला शिवू देत नव्हते. "अळ्या पडतील ह्याच्यात," म्हणाली आणि सरळ परातीत ओतून मळायला बसली. माझ्या घरचं शेवटचं पीठ! मी बघत राहिले. हिच्या छातीत काळीज आहे का दगड, असं मनात आलं. त्या भाकऱ्या तिनं आणि तिच्या लेकानं खाल्ल्या, एक माझ्यापुढं टाकली. मी खाल्ली नाही.

एक दिवस दुपारी ती लेकाशी ओसरीवर हळू आवाजात बोलत होती. माझं नाव निघालं म्हणून मी कान दिला. "दसऱ्यापातुर बघू," म्हातारी म्हणत होती. "तवर न्हाई उठली तर मग मी खाचराकडं बघती." लेक म्हणाला, "लोक काय म्हणतील आय?" ती म्हणाली, "लोकांचं मी बघून घेती. तू गप ऱ्हा."

झालं. माझी खात्रीच पटली. मरायला टेकलेल्या बाईची वाट बघत बसलीय ही, घारीसारखी. पडल्या पडल्या मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते होतं हे, की ह्या बयेला माझं खाचर मिळता कामा नये. कसं ते सुचत नव्हतं. उठायचं त्राणही नव्हतं.

दसरा झाला. पडवीतून खाली खाचरं दिसायची. आंबेमोहर पिकत आला होता, वारा फिरला की त्याचा वास पडवीत यायचा आणि मी नाक झाकून घ्यायची. एका सकाळी म्हातारीनं कोपऱ्यातली कुदळ घेतली. जाता जाता माझ्या बाजूला न बघता म्हणाली, "आता इचारणारं कोण हाय? सारून घेती जरा."

थोड्या वेळानं आवाज आला. खच्च. परत खच्च.

तो आवाज मला झोपेतसुद्धा कळला असता. सासूनं शिकवून ठेवला होता. आणि खरं सांगते, त्या क्षणी सासू माझ्या कानाशी ओरडली, "बसलीस काय? कोरतीया ती!" मी उठले. दोन महिन्यांत भिंत धरूनसुद्धा न उठलेली मी, धडपडत उठले. पायऱ्या बसत बसत उतरले. पदर कुठं, केस कुठं, भान नव्हतं. म्हातारी बांधावर वाकलेली, आणि तिच्यामागं ताज्या मातीचा ओला पट्टा. दिवसाढवळ्या, उघड उघड!

"म्हातारे! तुझा मुडदा बशिवला! ठेव ती कुदळ!"

तिनं मान वर केली. शांतपणे घाम पुसला. "अगं बया, तू मेली न्हाईस व्हय अजून?"

मी कुदळीवर झडप घातली. तिनं सोडली नाही, मी सोडली नाही. ओढाताणीत मी खाचराच्या चिखलात पडले. ती वर उभी राहून बघत राहिली, हात काही दिला नाही. माझी मी उठले. मग तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, सासूकडून ऐकलेल्या आणि माझ्या पदरच्या. बारा वर्षांचं भांडण मी एका दमात पुढं नेलं. म्हातारी म्हणाली, "बांध हितंच व्हता. पटत नसंल तर तुझा तू राखत बस."

"बसतेच!" मी म्हणाले.

आणि बसले की. त्या दिवसापासून रोज. पडवीत राहून तिची भाकरी खायची आणि तिच्यावरच राखण करायची, हे काही बरं दिसेना, म्हणून मी तिच्याच पडवीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले आणि माझी चूल वेगळी पेटवली. चाचांनी शेरभर पीठ पाठवलं. पहिली भाकरी करपली. ती मी म्हातारीला दिसेल अशी बसून खाल्ली, सगळी. भाकरीला चव आहे हे मला किती दिवसांनी कळलं.

कापणी आली तेव्हा मी प्रत्येक पेंढी स्वतः मोजून बांधली. हिचा काय भरवसा! गावातल्या बायका आता रडायला यायच्या बंद झाल्या होत्या. त्या चुगल्या करायला यायच्या. "अगं, तू पाण्याला गेलीस तवा म्हातारी बांधावर व्हती हां." "आज परत कोपरा तासला बघ तिनं." ऐकलं की माझं डोकं फिरायचं आणि मी कुदळ घेऊन धावायची. ती चार बोटं तासायची, मी भरून काढायची. भरताना जरा जास्त माती तिच्या अंगाला टाकायची, म्हणजे पुढच्या खेपेला नुकसान नको. माणसानं पुढचा विचार केला पाहिजे ना.

मग मी गावाला सांगितलं, मला खाचराच्या कडेला खोप बांधून द्या, पडवीतून राखण होत नाही. वाटलं होतं लोक टाळाटाळ करतील. कुठलं काय! दुसऱ्याच दिवशी दहाबारा माणसं बांबू आणि गवत घेऊन हजर. संध्याकाळी खोप उभी. इतक्या तयारीनं? मला तेही खटकलं. म्हातारीच्या पडवीतून मला काढायला हे सगळे इतके उतावीळ का? आणि म्हातारीचा लेक सगळ्यांत पुढं, छपरावर चढलेला.

पुढच्या पावसाळ्यात हाच लेक बैल घेऊन माझ्या खाचरात उतरला आणि चिखलणी करायला लागला. पैसे नको म्हणाला. आता मात्र माझी झोप उडाली. त्या काळी सगळे म्हणायचे, एकदा कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं की कूळ लागलं, जमीन हातची गेली. म्हणजे आय बांध खाणार आणि लेक अख्खं खाचर! मी तडक चालत तालुक्याला, पौडला गेले, गाडीचीसुद्धा वाट बघितली नाही. सातवी शिकलेली होते, मला कुणी फसवू शकत नव्हतं. उतारा काढला आणि तिथंच उभ्यानं वाचला. नवऱ्याच्या जागी वारस म्हणून माझं नाव लागलेलं. कसणारा कोण? खुद्द. मी म्हणाले, हे कुणी केलं? तिथला कारकून म्हणाला, गावाकडून एक माणूस आणि गिरणीवाले चाचा येऊन जबाब देऊन गेले, मागंच. माणूस कोण ते वर्णनावरून कळलं. म्हातारीचा लेक.

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी परत येताना सगळी वाट हाच विचार करत आले की ह्यात त्यांचा डाव काय असेल.

त्याच आवणीच्या दिवसांत एकदा आमचं बांधावर कडाक्याचं जुंपलं. दोघी चिखलात, दोघींच्या हातात रोपाच्या जुड्या. ती म्हणाली, "कुणासाठी राखतीस गं एवढं? हाय कोण तुझं?" मी ओरडले, "हे माझ्या लेकीचं खाचर हाय!" आणि लेकीचं म्हणता म्हणता माझा आवाजच गेला. इतके दिवस तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नव्हता. मी चिखलात बसले आणि रडले. हंबरून रडले. पोरगी, नवरा, सासू, तो दुसरा कप चहा, सगळं बाहेर आलं. मीच उशीर केला, मुद्दाम केला, असं मी त्या म्हातारीला, माझ्या वैरिणीला सांगितलं, दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं ते. ती पावसात तशीच उभी राहिली. जवळ आली नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "उशीर न्हाई केलास. चा प्यालीस." मग जुडी सोडत म्हणाली, "आता उठ. रोप वाळतंय."

त्या दिवशी माझ्या डोक्यावरचं कसलं तरी ओझं उतरलं. तरी संध्याकाळी बांध तपासायला मी विसरले नाही.

वर्षं गेली. गावात बालवाडी निघाली आणि सातवी पास म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. मला त्यातही काळंबेरं दिसलं, मलाच का? पण पोरं आली, माझ्या नाकाशी बोटं नाचवायला लागली, मग विचार करायला सवड राहिली नाही. मी खोपीच्या जागी विटांचं घर बांधलं. आवणीला गावातल्या बायकांची सावड असायची, आज तुझ्या शेतात तर उद्या माझ्या, त्यात मी सगळ्यांच्या आधी उभी असायची. म्हातारीच्या शेतातसुद्धा, तोंड वाकडं करून.

म्हातारीच्या डोळ्यांत मोती उतरला, तिला दिसेना झालं. एक दिवस गिरणीत दळण टाकता टाकता मी चाचांना म्हणाले, "बरं झालं बाई. आता बांध कोरायला दिसायचं न्हाई तिला."

चाचांनी इंजिन बंद केलं. मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. "लाज वाटत न्हाई तुला?" ते म्हणाले. "अगं, तुला उठवायला कुदळ घेतली तिनं. सगळ्या गावाला सांगून ठेवलं व्हतं, कुणी मधी पडू नका, तिला भांडू द्या, आन् रोज जाऊन तिचं कान भरा. माझी बायकोबी यायची की चुगल्या करायला! तुला काय वाटलं, तिला चुगलीची हौस व्हती?"

मी हसले. म्हणाले, काहीही सांगू नका. ते म्हणाले, "खोटं वाटतंय? जा. उंबरापासनं सात पावलं मोज आन् खण. हद्दीचा दगड म्याच पुरलाय तिथं. बघ बांध कुटं हाय आन् दगड कुटं हाय."

मी गेले. का जाणार नाही? खरं निघालं तर निघू दे, आणि खोटं निघालं तर चाचांना तोंडावर दाखवता येईल. उन्हाळ्याचे दिवस, जमीन वाळलेली. उंबरापासून सात पावलं मोजली, बांध खणला. दगड नाही. अजून खोल गेले. नाही. हां, म्हटलं, म्हातारीनं दगडसुद्धा उपटला! मग म्हटलं, बांध तिनं माझ्या अंगाला ढकलला असणार, म्हणजे दगड तिच्या खाचरात राहिला असणार. तिच्या बाजूला खणलं. नाही. घाम आला, कुदळ टाकून मी माझ्याच खाचरात टेकले आणि उगाच जिथं बसले होते तिथली माती उकरली. हाताला दगड लागला.

माझ्या खाचरात. बांधापासून चांगला हातभर आत.

कितीतरी वेळ मला अर्थच लागेना. मग लागला. ती चार बोटं तासायची आणि मी सहा बोटं भरायची. इतकी वर्षं. म्हातारीनं माझं काही खाल्लं नव्हतं. तिचं हातभर रान, उंबरापासून ओढ्यापर्यंत, मी खाल्लं होतं. चोर मी होते, आणि राखणही मीच करत होते!

तशीच मातीच्या हातांनी तिच्या पडवीत गेले. ती खाटेवर बसली होती. पावलांवरून तिनं ओळखलं. मी म्हणाले, "दगड गावला."

"कुटं?"

"माझ्या खाचरात."

"किती आत?"

"हातभर."

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "हातभर? मला वाटलं चार बोटं आसंल. लई खादाड निघालीस गं!" मग हसू आवरून म्हणाली, "उद्याच्या उद्या बांध मागं घे. माझ्या लेकाचं हाय ते."

मी खाटेशेजारी खाली बसले. म्हणाले, "चाचा म्हणतात, तुमी माझ्यासाठी केलंत. खरं हाय का?" तिला मी तुमी म्हणाले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तिनं सांगितलं ते असं. तिचा नवरा आणि थोरला मुलगा होडी उलटून धरणात गेले, माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी. ती अशीच ह्याच पडवीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. आणि एक दिवस कुदळीचा आवाज आला. माझी सासू बांध कोरत होती. उघड उघड, दिवसाढवळ्या. म्हातारी उठून धावली. तिथून जे भांडण सुरू झालं ते वाढत वाढत शेवटी बोलणंच बंद झालं.

"मग सासूनं तुमच्यासाठी कोरला व्हता?" मी विचारलं.

"काय म्हाईत?" म्हातारी म्हणाली. "लई इचार केला म्या. इचारायचा धीर झाला न्हाई. जमिनीवर डोळा आसंल तिचा, न्हाई तर माझ्यावर आसंल. मेली ती, आता कोण सांगणार? मी उठली, एवढं खरं."

दुसऱ्या दिवशी मी बांध मागं घेतला. एकटीनं, सगळा. म्हातारीचा लेक मदतीला आला तर त्याला हाकलून दिलं.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले असतील. डोंगराला लागलेला वणवा गावाच्या कडेला उतरला आणि एका तरुण माणसाचं गवती घर जळालं. तो सरपणाला गेला होता. बायको आत होती. त्यानंतर तो देवळाच्या खांबाला टेकून बसला तो बसलाच. लोक ताटं ठेवायचे, कुत्री खायची. बायका जाऊन रडायच्या. मीही गेले, त्याला म्हणाले, मी पण ह्यातून गेलेय बाबा. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड घेऊन परत आले. तसं कुणी मला म्हटलं असतं तर मीही तसंच बघितलं असतं.

म्हातारी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. रोज विचारायची, उठला का? मी म्हणायची, नाही. एक दिवस म्हणाली, "त्याचं काय ऱ्हायलंय मागं?"

मी आठवून म्हणाले, "फणस हाय एक. बालवाडीच्या मागं. बायकोनं लावला व्हता म्हणत्यात."

म्हातारीनं आंधळे डोळे माझ्याकडं लावले. मला समजलं. गावात मला मान होता. बाई म्हणून हाक मारायचे, वाटेत थांबून नमस्कार करायचे. तो मान मिळवायला मला केवढी वर्षं लागली होती. आणि त्या फणसाला हात लावला तर हा माणूस मला जन्मात माफ करणार नव्हता. ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी म्हातारीला इतकी वर्षं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर मी कुऱ्हाड घेतली. देवळावरून गेले, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाटेतल्या बाईला म्हणाले, "आता त्या फणसाला मालक कोण हाय? तोडून टाकती. छपराला लागतोय." आणि जाऊन फांदीवर घाव घातला. एक घातला. दुसरा घातला. तो नाही आला तर? खरंच सगळं झाड तोडावं लागलं तर? तिसऱ्या घावाला मागून पावलं वाजली.

"बाई! ठेवा ती कुऱ्हाड खाली! लाज न्हाई वाटत तुमाला?"

तो दाढी वाढलेला, धोतर सुटलेला, खोडाला मिठी मारून उभा राहिला आणि मला शिव्या देत राहिला. मी उलट दोन दिल्या. त्याला रडू फुटलं तेव्हा मी कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघून आले, जवळ गेले नाही. जवळ न जाणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन दार लावून मी बसकण मारली.

दोन दिवसांनी म्हातारीला सांगितलं, "उठला. पौडला गेलाय माझ्याविरुद्ध अर्ज द्यायला. चालत गेलाय."

"जेवून गेला का?" तिनं विचारलं.

"जेवून गेला."

ती त्या पावसाळ्यात गेली. अर्जाची नक्कल पंचायतीत आली, ती मी मागून घेतली आणि जपून ठेवलीय. अक्षर वेडंवाकडं आहे, पण स्वतः लिहिलंय त्यानं. लिहिलंय की सदर बाई दिसायला भल्या, पण त्यांचा माझ्या फणसावर डोळा असून त्यांच्यापासून झाडाला धोका आहे.

पुढं त्यानं तिथंच शेजारी घर बांधलं, झाडाची राखण करायला. दुसरं लग्न केलं. त्याची मुलगी माझ्या बालवाडीत आली. तो तिला फाटकापर्यंत सोडायचा, माझ्याकडं न बघता वळायचा. आजही बाजारात मी दिसले की तोंड फिरवतो. फणस मोठा झालाय, दरसाल गावात सगळ्यांकडं गरे जातात, मला येत नाहीत.

परवा बालवाडीच्या नव्या बाईनं मला हळूच विचारलं, "खरं सांगा, फांदी छपराला लागत होती का हो?"

ते मी कुणाला सांगणार नाही.